हेल्पलाइन लावली, सतरा मिनिटं थांबला, आणि फोन तुटला. आता?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते कळेल. मित्र शिकायला दुसऱ्या देशात आहे. दोन आठवड्यांपासून रात्री-अपरात्री त्याचे मेसेज येतात. परवा अडीच वाजता त्याने लिहिलं, ‘मी नसलो तर सगळे सुटतील.’ तुम्ही घाईघाईने शोधून एक हेल्पलाइन नंबर पाठवलात. त्याने तो लावला, सतरा मिनिटं रेकॉर्ड केलेलं संगीत ऐकलं आणि फोन तुटला. मग त्याचा मेसेज आला, ‘बघितलंस? कुणाला काही पडलेली नाही.’ तेव्हा नक्की लागणारी, चांगली हेल्पलाइन कोणती, असं तुम्ही विचारताय.

उत्तर मोठं आहे, म्हणून घाईचं आधी सांगते. पुढचं वाचायच्या आधी त्याला फोन करा. मेसेज नको, फोन. उचलला तर आडवळणाने जाऊ नका, सरळ विचारा, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?’ ‘हो’ म्हणाला तर पुढचं विचारा, ‘आज काही करायचं ठरवलंयस का? त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का?’ या दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, किंवा त्याने आधीच काही केलेलं असलं, तर हेल्पलाइनचा विचार बाजूला ठेवा. तिथे आपत्कालीन सेवा हवी आणि त्याच्या खोलीत माणूस हवं. तुम्ही त्याच्याशी बोलत राहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दुसऱ्या फोनवरून ही व्यवस्था करायला सांगा.

इथेच परदेशातल्या माणसाची काळजी करणारे बहुतेक लोक अडकतात. तीन-चार आकडी नंबर फक्त त्या त्या देशात चालतात. तुम्ही तुमच्या फोनवरून ११२ लावलंत तर तुमच्याच भागातली यंत्रणा उचलेल. अमेरिकेचा ९११ (आपत्कालीन सेवा) किंवा ९८८ (आत्महत्या रोखण्यासाठीची हेल्पलाइन) बाहेरच्या देशातून लावून उपयोग नाही. तुम्हाला लागेल मित्र राहतो त्या शहराच्या पोलिसांचा पूर्ण आकडी नंबर, देशाच्या कोडसकट. तो पोलिसांच्या संकेतस्थळावर असतो. विद्यापीठाच्या आवारात राहत असेल तर त्याहून जवळचा रस्ता आहे. बऱ्याच विद्यापीठांचं सुरक्षा कार्यालय चोवीस तास चालू असतं आणि त्यांची माणसं काही मिनिटांत खोलीच्या दारापर्यंत पोचू शकतात. तेव्हा त्याचा पूर्ण पत्ता, इमारत, खोली क्रमांक, सोबत राहणाऱ्याचा नंबर आणि हे दोन कार्यालयीन नंबर आजच लिहून ठेवा. रात्री अडीच वाजता थरथरत्या हाताने हे शोधताना काय होतं ते मी पाहिलंय.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. तुम्ही विचारलंय ‘कोणती हेल्पलाइन’, पण माझ्या मते तुमची अडचण त्या सतरा मिनिटांची आहे.

मी अकरा वर्षं एका हेल्पलाइनवर रात्रपाळी केली, आता नव्या स्वयंसेवकांना शिकवते. तरीही नंबरांविषयी मी एक गोष्ट ठासून सांगते: नंबर दिल्यावर सगळ्यात जास्त हलकं वाटतं ते देणाऱ्याला. मीही त्यातून गेलेय. सुरुवातीच्या दिवसांत एका ओळखीच्या माणसाने रात्री मला घरी फोन केला. माझी पाळी नव्हती, दमलेही होते. शिकवल्याबरहुकूम मी त्याला आमच्याच हेल्पलाइनचा नंबर दिला, ‘तिथे आत्ता बोलायला कुणीतरी आहे’ असं सांगितलं आणि झोपले. त्याने तो नंबर लावलाच नाही. सुदैवाने तो आज आहे. पुढे कधीतरी म्हणाला, ‘नंबर माझ्याकडे आधीपासून होता. मी फोन तुला केला होता.’

म्हणजे हेल्पलाइन कुचकामी, असं मुळीच नाही. मॅडेलिन गोल्ड आणि जॉन कलाफात या अमेरिकी संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आत्महत्येचे विचार घेऊन फोन करणाऱ्या एक हजारांहून अधिक लोकांची अवस्था फोनच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासली होती. त्या एका संभाषणातच मरणाची ओढ आणि हताशपणा कमी झालेला दिसला. फोन जोडला गेला, पलीकडे ऐकणारं माणूस आलं, की बऱ्याचदा ती रात्र निघते. पण ज्याला दात घासायलाही उठवत नाही त्याच्यासाठी अनोळखी नंबर दाबणं, भाषा निवडणं, संगीत ऐकत थांबणं हा डोंगर असतो. आणि तिथे फोन तुटला तर तो ‘सर्व्हर बिझी असेल’ असं म्हणत नाही. मनाने आधीच निकाल दिलेला असतो, तुटलेला फोन त्याला फक्त पुरावा म्हणून सापडतो.

या थांबण्याच्या वेळेविषयी एक जुनी गोष्ट मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. १९५३ साली लंडनमध्ये चॅड वाराह या धर्मगुरूने आत्महत्येच्या टोकावर आलेल्यांसाठी फोन सुरू केला. पुढे त्याचीच समॅरिटन्स ही संस्था झाली. लोक फोन करत, प्रत्यक्षही येत. सल्ला देणार वाराह. मदतीला आलेले स्वयंसेवक फक्त पत्रव्यवहार बघायचे आणि बाहेर थांबलेल्यांना चहा देऊन त्यांच्याशी बोलत बसायचे. काही महिन्यांत वाराहच्या लक्षात आलं, की बाहेर बसलेल्या पुष्कळांना आत यायची गरजच उरत नव्हती. थांबता थांबता कुणाशी तरी बोलणं झालं होतं, ते पुरलं होतं. १९५४ च्या सुरुवातीला त्याने ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांकडेच सोपवलं. आज जगभरातल्या कितीतरी हेल्पलाइन त्याच पद्धतीवर उभ्या आहेत.

तुमच्या मित्राच्या बाबतीत बाहेरच्या खोलीत बसलेलं माणूस तुम्ही आहात. त्याची सतरा मिनिटं एकट्याने गेली, घोळ तिथे झाला.

म्हणून पुढच्या वेळी नंबर पाठवू नका, फोन सोबत लावा. व्हिडिओ कॉल चालू ठेवा, त्याला दुसऱ्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून हेल्पलाइन लावू द्या. दुसरं साधन नसेल तर तो थांबलेला असताना तुम्ही चॅटवर राहा. ‘काय वाजतंय?’, ‘मी इथेच आहे’, ‘तुटला तर परत लावू, मी मोजतोय’ इतकं साधं लिहिलं तरी चालतं. पलीकडे माणूस आलं की मित्राला विचारा, ‘मी थांबू की जाऊ?’ बहुतेक जण ‘जा’ म्हणतात, आणि त्यात काही वावगं नाही. बोलणं संपल्यावर त्याने पुन्हा तुम्हाला फोन करायचा, एवढं मात्र ठरवून घ्या.

पहिलं वाक्य अडतं, हेही लक्षात ठेवा. ‘काय सांगू त्यांना?’ या भीतीने कितीतरी जण घंटा वाजताच फोन ठेवतात. आमच्याकडे नुसते श्वास ऐकू येणारे फोन रोज असायचे. वाक्य आधीच तयार करून द्या: ‘मला मरावंसं वाटतंय आणि मला त्याची भीती वाटतेय.’ इतकं पुरतं. नाव सांगायची सहसा सक्ती नसते. पलीकडचा माणूसही आत्महत्येबद्दल थेट विचारेल, त्याने दचकू नको हे त्याला आधीच सांगा.

आता नंबर. देश तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून ज्यांच्याविषयी मी खात्रीने सांगू शकते ते देते. भारतात टेली-मानस: १४४१६, किंवा १८००-८९१-४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि भाषा निवडताना मराठी मिळते. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जोडून देतात. अमेरिकेत १६ जुलै २०२२ पासून ९८८ आहे. तिथे फोनखेरीज मेसेज आणि चॅटही चालतो. कॅनडातही नोव्हेंबर २०२३ पासून ९८८ हाच नंबर आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये समॅरिटन्स, ११६ १२३. ऑस्ट्रेलियात लाइफलाइन, १३ ११ १४. जर्मनीत टेलिफोनझेलझोर्गे, ०८०० १११ ० १११. बाकी देशांसाठी ‘फाइंड अ हेल्पलाइन’ या संकेतस्थळावर देश निवडला की तिथल्या सेवा, त्यांच्या वेळा आणि फोन-चॅटची सोय दिसते. ‘बिफ्रेंडर्स वर्ल्डवाइड’ हीसुद्धा अशा स्वयंसेवी केंद्रांची जुनी आंतरराष्ट्रीय साखळी आहे.

फॉरवर्ड होत फिरणाऱ्या याद्यांवर मात्र माझा राग आहे. कुणी गेल्याची मोठी बातमी आली की त्या दिवशी अशी एक यादी सगळीकडे फिरते, आणि तिच्यातले दोन-तीन नंबर बंद पडलेले, एखादा फक्त दुपारी चालणारा, एखादा भलत्याच संस्थेच्या कार्यालयाचा असतो. तिथे नंबर लावणाऱ्याला काय वाटत असेल ते तुमच्या मित्राने तुम्हाला सांगितलंच आहे. शक्य असेल तेव्हा नंबर आधी स्वतः लावून बघा. ‘माझा मित्र अडचणीत आहे, मला विचारायचं होतं’ असं म्हणा. हा गैरवापर नाही. दुसऱ्याच्या काळजीने फोन करणारे लोक हेल्पलाइनला रोज भेटतात. तुम्ही जिथे आहात तिथल्या सेवेलाही हा फोन करू शकता: त्याच्याशी कसं बोलावं ते विचारायला, आणि तुमची स्वतःची झोप उडालीय त्यासाठीही.

फोनवर बोलणं आवडत नाही असा मुलगा असेल तर चॅटची सोय असलेली सेवा आधी द्या. चार जणांत राहणाऱ्याला भिंतीपलीकडे ऐकू जाईल याची धास्ती असते. याउलट एकटा राहणारा, रात्रभर स्क्रीनच बघणारा असेल तर आवाज बरा, असा माझा अनुभव. भाषेचंही तसंच. इंग्रजीत प्रबंध लिहिणारा माणूस रडताना इंग्रजीत बोलेलच असं नाही. त्याला विचारा.

‘थेट विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवल्यासारखं होईल’ ही भीती जवळपास प्रत्येकाला वाटते, तुम्हालाही वाटत असणार. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर हे तपासलं गेलं. ज्यांना आत्महत्येबद्दल प्रश्न विचारले गेले त्यांच्यात न विचारलेल्यांपेक्षा त्रास किंवा तसे विचार वाढलेले दिसले नाहीत. आधीपासून खचलेली मुलं तर विचारल्यावर थोडी सावरलेलीच दिसली. माझा अनुभव त्याहून साधा आहे. मी विचारलं की पलीकडून बहुतेक वेळा एक लांब उसासा येतो. कुणीतरी शब्द उच्चारला, आता आपल्याला लपवायला नको, असा. फक्त ‘तू असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात ‘नाही म्हण’ अशी विनवणी आहे, आणि तो तुमच्यासाठी ‘नाही’ म्हणेल.

दुसरी भीती त्याची असेल: फोन केला तर पोलीस येतील, व्हिसा जाईल, विद्यापीठ घरी पाठवेल. इथे सेवेगणिक फरक आहे आणि तो तुम्ही लपवू नये. काही सेवा जीव तत्काळ धोक्यात आहे असं दिसलं तर आपत्कालीन यंत्रणेला कळवतात, काही सेवा शक्यतो फोन करणाऱ्याच्या संमतीनेच पुढे जातात. त्याने फोनच्या सुरुवातीलाच विचारावं, ‘माझ्याबद्दल तुम्ही कुणाला कधी कळवता?’ चांगला कार्यकर्ता सरळ उत्तर देतो. अमेरिकेच्या ९८८ चंच सांगायचं तर तिथे येणाऱ्या फोनपैकी शंभरात दोनपेक्षाही कमी फोनांमध्ये आपत्कालीन सेवा पाठवावी लागते. बाकी सगळं बोलण्यातच निभावतं. भारतात २९ मे २०१८ ला लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्याने तर आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा नव्हे, उपचार आणि पुनर्वसन द्यायचं, असं ठरवून दिलंय.

पण गुप्ततेचं वचन तुम्ही देऊ नका. ‘कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घे’ असं तो म्हणेल. म्हणा, ‘तुझी चेष्टा होईल असं मी कुणाला काही सांगणार नाही. पण तुझ्या जिवावर बेतलं तर मी गप्प बसणार नाही, आणि कुणाला सांगतोय ते आधी तुला सांगेन.’ तो चिडेल. काही दिवस बोलणारही नाही. ती किंमत परवडते.

दिवसाउजेडी, तो जरा बरा असेल तेव्हा, एक काम त्याच्यासोबत करा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोघांनी एक ‘सुरक्षा योजना’ तयार केली आहे, एका कागदावर मावणारी. वादळ येतंय हे आपल्याला कशावरून कळतं, तिथून ती सुरू होते: झोप गेली, जेवण सुटलं, मेसेजला उत्तर देणं बंद झालं. मग कुणाच्याही मदतीशिवाय आपण काय करू शकतो. मग नुसतं मन दुसरीकडे वळवायला कुठे जाता येईल, कोण भेटेल. मग आपली अडचण उघड सांगता येईल अशी माणसं. त्यानंतर तज्ज्ञ आणि हेल्पलाइन. आणि शेवटी, ज्याने जिवाला धोका होऊ शकतो अशी वस्तू खोलीतून हलवणं. हेल्पलाइनचा नंबर पाचव्या पायरीवर आहे हे बघा. आपण सगळेच पाचवीपासून सुरुवात करतो. ही योजना आणि त्यानंतर पाठपुराव्याचे फोन, असं अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत करून पाहिलं आणि नेहमीचे उपचार देणाऱ्या दुसऱ्या चार विभागांशी तुलना केली. त्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येच्या प्रयत्नासारखं वर्तन नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आलं.

सहावी पायरी लोक सोडून देतात, कारण ती बोलायला अवघड. पण टोकाची ऊर्मी बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसणं, हेच पुष्कळदा जीव वाचवतं. तुम्ही दूर आहात, तुम्हाला ती हलवता येणार नाही. त्याच्या सोबत राहणाऱ्याला येईल. म्हणून त्याचा नंबर मिळवा म्हटलं. त्याच्याच परवानगीने मिळाला तर उत्तम.

हेल्पलाइन ही त्या रात्रीपुरती. दोन आठवडे चाललेलं हे तिने सुटणार नाही. विद्यापीठात समुपदेशन केंद्र असेल तर पहिली वेळ तुम्ही दोघं मिळून घ्या, अर्ज भरताना कॉलवर बसा. झोप आणि भूक गेलेली असेल तर डॉक्टरही हवा. त्याला काय झालंय याचं निदान मी इथून करणार नाही, तुम्हीही करू नका.

तो मदत साफ नाकारतोय, मेसेजला उत्तरही देत नाहीये, असंही होईल. त्या वेळी मला जेरोम मोटो आठवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या या मानसोपचार तज्ज्ञांनी रुग्णालयातून गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेले ८४३ रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. मजकूर एवढाच, की तुम्हाला भेटून काही दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर चार ओळी लिहा. औषध घेतलं का, का आला नाहीत, असं काही नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण कमी राहिलं. तुमच्या हातात तसं पत्र रोज आहे. ‘उत्तर द्यायची गरज नाही, आठवण आली’ असा एक मेसेज, आणि त्याखाली प्रश्नचिन्ह नको.

आणि हे एकट्याने करू नका. रात्री दोनला उठणारी माणसं दोन-तीन हवीत, वाटून घेतलेली. आमच्या हेल्पलाइनवरही एका माणसाला एका दमात अमुक तासांपुढे बसू देत नसत, आणि आम्ही तर अनोळखी माणसांचं ऐकत होतो.

देश आणि शहर कळवा. तिथल्या पोलिसांचा आणि विद्यापीठाच्या सुरक्षा कार्यालयाचा बाहेरून लागणारा नंबर शोधायला मी मदत करते. त्या सतरा मिनिटांबद्दल त्याला आज एवढं लिहा: ‘तू थांबलास, सतरा मिनिटं थांबलास. आज रात्री परत लावू, या वेळी मी सोबत थांबतो.’